दोष बोटांचा की बटणांचा?



एके काळी तालुक्याच्या गावी बाजारपेठेतल्या एखाद्या माडीवर टायपिंगचा क्लास असायचा. दहावी-बारावी झालेली मुले-मुली तेथे सकाळ-संध्याकाळ तासभर बसत आणि खाली रस्त्यावर यंत्रांचा खडखडाट ऐकू येई. गोदरेज कंपनीने १९५५ साली भारतीय बनावटीचा टाईपरायटर काढला. त्यावर कचेऱ्या वर्षानुवर्षे चालल्या आणि २०११ साली त्याचे उत्पादन थांबल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या. आता महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची टंकलेखनाची परीक्षासुद्धा संगणकावर होते. यंत्र बदलले, पण गरज तीच राहिली. राज्य शासनाच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजीचा ४० शब्द असावा लागतो. त्यामुळे कीबोर्ड, ज्याला मराठीत कळफलक म्हणतात, ही आपल्या घरातल्या शिकत्या मुलामुलींच्या दृष्टीने भाकरीशी जोडलेली वस्तू आहे.

मात्र हीच वस्तू सगळ्यात आधी बिघडते. तिच्यावर रोज हजारो वेळा बोटे आपटतात, धूळ बसते, फरसाणाचा चुरा पडतो, चहा सांडतो. जुन्या टाईपरायटरचे अक्षर अडकले तर डोळ्यांना दिसायचे. ब्रशने आणि टाचणीने साफ केले की काम पुढे चालू व्हायचे. कीबोर्डचा बिघाड असा वरून दिसत नाही. म्हणून तो एकतर मुलाच्या माथी मारला जातो, नाहीतर बापाच्या खिशाला बसतो. हे दोन्ही टाळता येण्यासारखे आहे, एवढेच सांगण्यासाठी हा लेख.

माणसाची चूक आणि यंत्राची चूक

आमच्या वस्तीत समाजमंदिराच्या मागच्या खोलीत आम्ही काही कार्यकर्ते मिळून अभ्यासिका चालवतो. एका कचेरीतून रद्द झालेले सहा संगणक तेथे मिळाले आणि मुले सरावाला बसू लागली. त्यांत बारावी झालेली एक मुलगी होती. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. क्लासची फी भरण्याआधी मुलीने महिनाभर अभ्यासिकेत सराव करावा, हात बसला तर फी भरावी, असे मायलेकींचे ठरले होते. महिना संपत आला तरी वेग वाढेना, चुकाही कमी होईनात. शेजारच्या संगणकावर बसणारा मुलगा मात्र पुढे गेला. "हिला जमत नाही, हिला माझ्याबरोबर कामाला नेते," असे आईने बोलून दाखवले.

आम्ही त्या मुलीचे आठवडाभराचे सरावाचे कागद मागवून घेतले आणि लाल पेन घेऊन बसलो. कागदावर 'शाळा' हा शब्द 'शळ' असा होता, 'काम' हा 'कम' असा होता आणि 'बाबा' हा 'बब' असा होता. बाकी वेलांट्या, उकार, जोडाक्षरे जिथल्या तिथे होती. चूक फक्त कान्याची होती, आणि तीही प्रत्येक ओळीत.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. शिकणारा माणूस चुकतो तो निरनिराळ्या ठिकाणी चुकतो. कधी इकार चुकतो, कधी शेजारचे अक्षर दाबले जाते, थकल्यावर चुका वाढतात. यंत्र चुकते ते त्याच त्या ठिकाणी चुकते, मग समोर कोणीही बसो. इनस्क्रिप्ट पद्धतीत काना हा इंग्रजी 'ई' अक्षराच्या बटणावर असतो. त्याच संगणकावर आम्ही स्वतः बसलो, दुसऱ्या एका मुलाला बसवले. काना कोणाचाच नीट उमटेना. जोर देऊन दाबले तर उमटे, सहज दाबले तर नाही. म्हणजे मुलगी महिनाभर मराठीतल्या सर्वांत जास्त लागणाऱ्या खुणेशी झगडत होती आणि तिची बोटे निर्दोष होती.

वस्तीतील एका दुरुस्तीवाल्याला आधीच बोलावले होते. त्याने सहाही कीबोर्डांवरून हात फिरवला आणि "हे भंगार आहे, सगळे बदला," असे सांगून तो गेला. साधा तारेचा कीबोर्ड चारशे ते सहाशे रुपयांना मिळतो. सहांचा हिशेब केला तर तेवढ्या पैशांत एका मुलीच्या क्लासची व्यवस्था होऊ शकते. तेव्हा बदलण्याआधी तपासायचे ठरले.

कीबोर्डच्या पोटात काय असते?

तपासायचे तर आत काय आहे ते माहीत हवे. साध्या कीबोर्डात बटणांखाली रबराच्या लहान लहान टोप्या असतात. त्यांच्याखाली प्लॅस्टिकचे तीन पातळ कागद एकावर एक ठेवलेले असतात. वरच्या आणि खालच्या कागदावर वीज वाहून नेणाऱ्या शाईच्या बारीक रेघा छापलेल्या असतात. मधल्या कागदाला बटणांच्या जागी भोके असतात. बटण दाबले की रबराची टोपी खाली बसते, वरचा कागद भोकातून खालच्या कागदाला टेकतो आणि तेवढ्या क्षणापुरती वीज वाहते. बोट उचलले की टोपी वर येते आणि बटणही वर येते.

नेहमीच्या कीबोर्डवर १०४ बटणे असतात, पण त्यासाठी १०४ तारा नसतात. आपण हिशेबाच्या वहीत आडवी ओळ आणि उभा रकाना पाहून एखादा आकडा शोधतो, तशी ही रचना आहे. कोणती आडवी रेघ कोणत्या उभ्या रेघेला टेकली हे आतली एक लहान चिप सेकंदाला अनेक वेळा तपासत असते आणि त्यावरून कोणते बटण दाबले ते संगणकाला कळवते.

एवढे समजले की निम्मे निदान आपोआप होते. एकच बटण बंद असेल तर त्या बटणाखाली कचरा असावा, नाहीतर टोपी किंवा संपर्काची जागा झिजली असावी. एकच अक्षर पुन्हा पुन्हा उमटत असेल तर बटण खाली अडकून राहते आहे. पाच-सात बटणे एकदम बंद पडली असतील तर तो कचरा नव्हे. एखादी रेघ तुटली आहे किंवा तिचा सांधा सैल झाला आहे. सगळीच बटणे बंद असतील तर तार, जोडणीची जागा किंवा चिप पाहावी.

आधी तपासणी, मग स्क्रू-ड्रायव्हर

कीबोर्ड उघडण्याची घाई करू नये. पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात. यांना एक पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट, जोडणी. यूएसबीची पिन काढून पुन्हा घट्ट बसवावी. तरीही चालेना तर दुसऱ्या जागी लावून पाहावी. सीपीयूच्या पुढच्या बाजूची जागा सतत काढ-घाल करून सैल होते, मागची सहसा शाबूत असते. जुन्या संगणकांना यूएसबीऐवजी गोल पिनेचा कीबोर्ड असतो. कीबोर्डची जागा जांभळी आणि माऊसची हिरवी असते. ही गोल पिन काढायची किंवा लावायची तर आधी संगणक बंद करावा. त्यानंतर 'नम लॉक' किंवा 'कॅप्स लॉक' दाबून पाहावे. कीबोर्डवर त्याचा दिवा असेल आणि तो लागत-विझत असेल, तर संगणक आणि कीबोर्ड यांचे बोलणे चालू आहे असे समजावे.

दुसरी गोष्ट, अदलाबदल. आजारी वाटणारा कीबोर्ड दुसऱ्या संगणकाला लावावा आणि दुसरीकडचा चांगला कीबोर्ड येथे लावावा. दोष कीबोर्डबरोबर गेला तर कीबोर्ड बिघडला आहे. दोष जागीच राहिला तर बिघाड संगणकात आहे, नवा कीबोर्ड आणून काही होणार नाही. घरी दुसरा संगणक नसेल तर काळजी नको. बहुतेक अँड्रॉईड मोबाईलना ओटीजी नावाची छोटी जोडपिन लावून यूएसबी कीबोर्ड जोडता येतो. मोबाईलवर अक्षरे नीट उमटली तर कीबोर्ड चांगला आहे. ज्या घरात संगणकच नाही, पण असा मोबाईल आणि एक कीबोर्ड आहे, त्या घरातली मुले यावर बोटांचा सरावही करू शकतात.

तिसरी गोष्ट, संगणकातली मांडणी. पुष्कळदा कीबोर्ड ठणठणीत असतो, फक्त नकळत काहीतरी चालू झालेले असते. उजव्या बाजूचे शिफ्ट बटण आठ सेकंद दाबून धरले की विंडोजमध्ये 'फिल्टर कीज' नावाची सोय चालू करण्याचा प्रश्न पडद्यावर येतो. न वाचता 'हो' म्हटले की बटण सहज दाबून अक्षर येत नाही, दाबून धरावे लागते. शिफ्ट पाच वेळा दाबले की 'स्टिकी कीज' विचारले जाते. ती चालू झाली की शिफ्ट सोडले तरी पुढचे अक्षर शिफ्टचेच उमटते. या सोयी हात कापणाऱ्या किंवा एकाच हाताने काम करणाऱ्या माणसांसाठी मोलाच्या आहेत. आपल्याला नको असतील तर सेटिंगमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' किंवा जुन्या विंडोजमध्ये 'ईज ऑफ ॲक्सेस' येथे जाऊन, कीबोर्डच्या पानावर त्या बंद कराव्यात. इंग्रजी दाबले तर मराठी येते, मराठी दाबले तर इंग्रजी येते, हाही बिघाड नव्हे. विंडोजचे बटण धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. काही लॅपटॉपवर 'जे', 'के', 'एल' दाबले की १, २, ३ असे आकडे येतात. तेथे 'नम लॉक' चालू राहिलेला असतो.

चौथी गोष्ट, प्रत्येक बटणाची हजेरी. सेटिंगमध्ये कीबोर्डच्या त्याच पानावर 'ऑन-स्क्रीन कीबोर्ड' असतो. तो माऊसने उघडता येतो. पडद्यावर कीबोर्डचे चित्र येते आणि आपण खरे बटण दाबले की चित्रातले बटण उजळते. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत एकेक बटण हलक्या हाताने दाबत जावे आणि गैरहजर बटणांची नोंद वहीत करावी. दुरुस्ती होईपर्यंत हाच पडद्यावरचा कीबोर्ड माऊसने वापरून एखादा तातडीचा अर्जही पुरा करता येतो.

साफसफाईची रीत

एक-दोन बटणे अडखळत असतील तर साफसफाईने काम होते. लागणारे सामान असे: रंगकामाचा मऊ ब्रश, कोरडा जुना टूथब्रश, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या, सुती फडके आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलची लहान बाटली. ही बाटली औषधांच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. ती विस्तवाजवळ, स्टोव्हजवळ उघडू नये आणि लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.

संगणक बंद करून कीबोर्डची पिन काढावी. बिनतारी कीबोर्ड असेल तर त्यातले सेल काढावेत. मग वर्तमानपत्र पसरून त्यावर कीबोर्ड पालथा धरावा आणि पाठीवर हलके थोपटावे. जे काही खाली पडते ते पाहून घरच्यांनी एकमेकांकडे पाहू नये. भाताची शिते, पेन्सिलीचा भुगा, केस, नखे, फरसाणातले शेंगदाण्याचे तुकडे, असे सर्वांच्याच कीबोर्डातून निघते. या खाऊमुळे चाळीतल्या घरात मुंग्या आणि झुरळेही आत बिऱ्हाड करतात. तोंडाने फुंकू नये, थुंकीचा ओलावा आत जातो. सायकलचा पंप असल्यास तिरक्या बाजूने हवा मारावी. गॅरेजमधली जोरदार हवा मारू नये, बटणे उडून जातात.

त्यानंतर बटणांच्या फटींतून ब्रश फिरवावा. कापसाची काडी अल्कोहोलमध्ये बुडवून, निथळून, अडकणाऱ्या बटणाच्या कडेने फिरवावी आणि बटण दहा-वीस वेळा दाबावे. बटणांवरचा काळपट मळ फडक्याला थोडे अल्कोहोल लावून पुसावा. ते नसेल तर साबणाच्या पाण्यात बुडवून अगदी घट्ट पिळलेले फडके चालते. पेट्रोल, थिनर, नखांचा रंग काढायचे द्रव्य वापरू नये. त्याने प्लॅस्टिक विरघळते आणि अक्षरेही जातात. पाण्याचा फवारा थेट कीबोर्डवर कधीही मारू नये.

एवढ्याने भागले नाही तर ते बटण काढावे लागते. त्याआधी मोबाईलवर पूर्ण कीबोर्डचा फोटो काढून ठेवावा, म्हणजे कोणते बटण कोठले याचा घोळ होत नाही. बटणाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंनी कागदाच्या पिनेचे वाकवलेले आकडे घालून सरळ वर उचलावे, एकाच बाजूने उचकटू नये. स्पेसबार, एंटर आणि शिफ्ट यांच्याखाली पोलादी तारेची पट्टी असते आणि ती पुन्हा बसवणे किचकट असते. म्हणून गरज नसल्यास ही मोठी बटणे काढू नयेत. काढलेली बटणे कोमट साबणाच्या पाण्यात धुवावीत, पण पूर्ण एक दिवस पंख्याखाली वाळल्याशिवाय परत बसवू नयेत.

त्या मुलीच्या कीबोर्डात 'ई'च्या बटणाखाली आम्हाला पेन्सिलीच्या रबराचा एक चुरगळलेला तुकडा आणि त्याला चिकटलेला धुळीचा गोळा सापडला. चिमट्याने तो काढला, कडा पुसल्या आणि बटण बसवले. काना उमटू लागला. तिचा वेग काही त्या दिवशी वाढला नाही. वेग सरावानेच वाढतो. पण तिच्या चुकांच्या यादीतून तिच्या नसलेल्या चुका निघून गेल्या. नंतरच्या पंधरवड्यात तिचे कागद पाहून आईने कामाला नेण्याचा विषय सोडला आणि क्लासमध्ये नाव घातले.

चहा सांडला तर

साधे पाणी सांडले तर पिन ताबडतोब काढावी, कीबोर्ड पालथा करून निथळावा आणि दोन दिवस हवेशीर जागी वाळू द्यावा. चालू आहे का हे मधूनमधून लावून पाहण्याचा मोह आवरावा. ओल्या रेघांतून वीज गेली की त्या झिजतात. तांदळाच्या डब्यात ठेवून काही साधत नाही, त्याने उलट आत भुकटी जाते.

चहाचे तसे नाही. त्यात साखर असते, दूध असते. पाणी उडून जाते, चिकटा मागे राहतो आणि छापील रेघा हळूहळू खातो. अशा वेळी कीबोर्ड उघडून धुवावा लागतो. मागचे सगळे स्क्रू काढावेत. एखादा स्क्रू कंपनीच्या कागदी लेबलखाली लपलेला असतो. स्क्रू वाटीत ठेवावेत. कडेच्या खाचा हलक्या हाताने सोडवल्या की आतले तीन कागद दिसतात. कोणता कागद वर, कोणता खाली आणि टोप्या कशा बसल्या आहेत, याचा पुन्हा एक फोटो घ्यावा. चिप असलेली छोटी पट्टी वेगळी ठेवावी, ती पाण्यात घालू नये. प्लॅस्टिकचे कागद साध्या पाण्यात हलवून घ्यावेत, घासू नयेत. दोन दिवस सावलीत वाळवून मगच जुळवावेत.

जुळवताना एक जागा नीट पाहावी. कागदांची जीभ त्या छोट्या पट्टीवर टेकते आणि वरून एक पट्टी स्क्रूने दाबून बसवलेली असते. हा दाब सैल राहिला तर बटणांच्या रांगाच्या रांगा बंद पडतात. कित्येक कीबोर्ड फक्त याच कारणाने टाकून दिले जातात.

तारेच्या यूएसबी कीबोर्डला फक्त पाच व्होल्टचा पुरवठा असतो आणि आपण पिन काढूनच काम करतो, म्हणून शॉक लागण्याचे भय नाही. परंतु हाच धीर मॉनिटर किंवा सीपीयूच्या डब्यातील पॉवर सप्लाय उघडण्यासाठी दाखवू नये. त्यांत वीज बंद केल्यावरही धोक्याचा साठा राहतो. ते काम जाणकाराचेच.

लॅपटॉपची गोष्ट वेगळी

लॅपटॉपचा कीबोर्ड हा वर, आणि यंत्राचा मेंदू त्याच्या लगेच खाली असतो. तेथे बटणाखाली नाजूक कात्रीसारखी क्लिप असते. ती तुटली की बटण कायमचे डगमगते, म्हणून घरी बटणे उचकटू नयेत. पालथा धरून थोपटणे, ब्रश आणि पिळलेले फडके इथपर्यंतच थांबावे. चहा-पाणी सांडले तर चार्जर काढावा, पॉवरचे बटण दाबून धरून यंत्र बंद करावे, उघड्या पुस्तकासारखे पालथे ठेवावे आणि पुन्हा चालू न करता दुरुस्तीवाल्याकडे न्यावे. तोवर बाहेरचा यूएसबी कीबोर्ड जोडून सराव चालू ठेवायचा असेल, तर तो दुसऱ्या संगणकावर ठेवावा. भिजलेल्या लॅपटॉपवर नको. सांडलेले काही नसेल आणि फक्त एखादे बटण गेले असेल, तर मात्र बाहेरचा कीबोर्ड लावून तोच लॅपटॉप वर्षानुवर्षे वापरता येतो.

सहा कीबोर्डांचा हिशेब

आता आमच्या अभ्यासिकेतल्या सहा कीबोर्डांचे काय झाले ते सांगतो. पहिला मुळीच चालत नव्हता. त्याची पिन पुढच्या सैल जागेतून काढून मागे लावली, चालू झाला. दुसरा फार सावकाश अक्षरे उमटवायचा. त्या संगणकावर फिल्टर कीज चालू होते, ते बंद केले. तिसरा त्या मुलीचा. त्यातून रबराचा तुकडा निघाला. चौथ्याचा स्पेसबार चिकटत होता. जुना चहा होता, उघडून धुतला, तिसऱ्या दिवशी बरा झाला. पाचव्याची तार उंदराने कुरतडली होती. यूएसबी तारेच्या आत लाल, पांढरी, हिरवी, काळी अशा चार बारीक तारा असतात. कोपऱ्यावरच्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या बंधूने रंगाला रंग जोडून, डाग देऊन, वर टेप गुंडाळून दिला. सहाव्याची मात्र सात बटणे बंद होती. दाब कसून पाहिला, कागद धुऊन पाहिले. भिंगाखाली पाहिल्यावर एक रेघ मधोमध खाऊन गेलेली दिसली. तो गेला. त्याच्या टोप्या आणि बटणे काढून आम्ही डबीत ठेवली आहेत, इतरांना सुटे भाग म्हणून उपयोगी पडतील.

सहापैकी पाच वाचले. खर्च झाला तो अल्कोहोलच्या बाटलीचा आणि तार जोडण्याच्या मजुरीचा. नवा फक्त एक घ्यावा लागला.

मेलेल्या कीबोर्डचे काय करावे?

तो कचराकुंडीत टाकू नये, आणि तांबे काढण्यासाठी त्याची तार तर मुळीच जाळू नये. तारेवरचे प्लॅस्टिक जळताना निघणारा धूर विषारी असतो, आणि तो सर्वांत आधी जाळणाऱ्याच्याच छातीत जातो. कचरा वेचून पोट भरणाऱ्या आपल्या माता-भगिनी कमी नाहीत. त्यांच्या हाताखाली काय जाणार आहे, याचा विचार टाकणाऱ्याने करायचा आहे. केंद्र सरकारचे ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. त्यांनुसार असा माल नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे गेला पाहिजे. अनेक नगरपालिका आणि महानगरपालिका ई-कचरा वेगळा गोळा करतात. आपल्या वॉर्ड कार्यालयात चौकशी करून, वस्तीचा सगळा ई-कचरा एकत्र साठवून एकदाच द्यावा.

घरात आणि अभ्यासिकेत पाळायचे नियम

यंत्राजवळ चहाचा कप ठेवू नये. काम झाले की कीबोर्डवर जुन्या चादरीचा शिवलेला अभ्रा घालावा. हा अभ्रा घरातली कोणीही बहीण दहा मिनिटांत शिवून देईल. आठवड्यातून एकदा पालथा करून थोपटावा, ब्रश फिरवावा. हे काम मुलांबरोबर मुलींनाही करू द्यावे. "तू हात लावू नकोस, बिघडेल," असे मुलीला सांगण्याची आपल्याकडे सवय आहे. जी रोज त्यावर काम करते तिलाच त्याची नस कळते.

प्रत्येक संगणकाजवळ एक साधी वही बांधून ठेवावी. तिच्यात चार रकाने आखावेत: तारीख, कोणते बटण, काय होते, काय केले. दुरुस्तीवाला आला तरी त्याला ही वही दाखवावी. ज्याच्या हाती लेखी नोंद असते त्याला कोणी सहसा "सगळेच बदला" म्हणत नाही.

आणि मूल सारखे चुकते आहे असे वाटले तर रागावण्याआधी त्याचे चार कागद समोर घ्या. त्याच्या शेजारी बसा आणि चूक एकाच जागी पडते आहे की निरनिराळ्या जागी, ते दोघांनी मिळून मोजा.